हिरवा झाला का?

“अहो, जरा सांगता का, हिरवा झाला का?” आईने त्याला विचारलं, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. भर दुपार होती, लख्ख उजेड होता. दुकानातून चहाला म्हणून तो बाहेर पडला होता आणि मोठ्या रस्त्याच्या सिग्नलपाशी उभा होता. आई कधी शेजारी येऊन थांबली ते त्याला कळलंही नव्हतं. हातात नेहमीची कापडी पिशवी, पिशवीतून वर आलेला पाव, खांद्यावरून सारखी घसरणारी पर्स. हात लांब केला असता तर लागला असता, एवढ्या अंतरावर ती होती. सकाळी ह्याच तोंडाकडे बघून तिने “डबा विसरलास बघ पुन्हा” म्हणून खडसावलं होतं आणि आता ह्याच तोंडाकडे बघून ती परक्या माणसाशी हसतात तेवढं बेताचं हसत होती. आईने त्याला आयुष्यात कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. फार चिडली की ‘महाराज’ म्हणायची, पण ते प्रेमाचंच होतं. ह्या ‘अहो’त प्रेम नव्हतं, राग नव्हता, नुसती सभ्यता होती, आणि त्या सभ्यतेने तो आतून चरकला. ‘अगं आई, मी आहे’ म्हणावं, तर ती ओशाळणार. एवढंही दिसत नाही हे भर रस्त्यात उघड्यावर येणार, आणि ती तर रोज म्हणायची, दिसतंय मला, छान दिसतंय, उगीच काळजी करू नकोस. बरं, नुसतं ‘हो’ म्हणावं, तर आवाज ओळखणार. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती, माणूस बोलायच्या आधी नुसत्या श्वासावरून ओळखायची. मग गप्प राहावं का? पण गप्प राहिलो आणि ती तशीच पुढे निघाली तर? हे सगळे विचार त्याच्या डोक्यात रांग लावून उभे राहिले, आणि तो सवयीप्रमाणे एकेकाला पुढे घेऊन नीट तपासू लागला. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. मागून पाठीला बॅग लावलेली कुणी मुलगी आली, “झाला आजी, चला” म्हणाली आणि आईच्या कोपराला धरून तिला पलीकडे घेऊनही गेली. तो होता तिथेच उभा राहिला. सिग्नल पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. चहा राहूनच गेला.

दुकानात परतताना त्याला आपल्या पायांचीसुद्धा लाज वाटत होती. दुकान चष्म्यांचं होतं आणि त्याचं काम नंबर काढायचं. आतल्या अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर जड तपासणीची फ्रेम चढवायची आणि तिच्यात एकामागून एक भिंगं घालत विचारायचं, आत्ता बरं दिसतंय की आधी बरं होतं? हे की ते? हा प्रश्न तो दिवसभर लोकांना इतक्या सहजपणे विचारायचा, की आपल्याला तोच प्रश्न कुणी विचारला तर आपली काय अवस्था होते हे त्या खोलीत त्याला आठवतही नसे. खोलीबाहेर आला की मात्र आठवायचं. उपाहारगृहात तो पदार्थांचं कार्ड शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि अखेर शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून ‘ते’ म्हणायचा. नवा शर्ट घ्यायला गेला की दोन शर्ट हातांत धरून आरशापुढे उभा राहायचा आणि दोन्ही ठेवून घरी यायचा. घराला रंग काढायचा म्हणून त्याने बैठकीच्या भिंतीवर वेगवेगळ्या रंगांचे चौकोन लावून बघितले होते. ते चौकोन अजून तिथेच होते, आणि येणारेजाणारे त्यांना कसलीतरी आधुनिक सजावट समजत. थोरली बहीण दुसऱ्या गावी राहायची. ती फोनवर त्याला नावाने हाक मारायचीच नाही, ‘काय रे तळ्यात-मळ्यात’ अशीच सुरुवात करायची. एका मुलीने तर त्याच्या ‘हो’ची वाट बघून बघून शेवटी स्वतःच ‘नाही’ म्हणून टाकलं होतं, आणि त्या दिवशी त्याला एवढं हलकं वाटलं होतं की त्या हलकेपणाचीच त्याने पुढे कितीतरी दिवस लाज बाळगली. पण ही सगळी हसण्यावारी नेण्यासारखी प्रकरणं. आईच्या डोळ्याचं तसं नव्हतं.

आईला डोळा एकच होता. डावा गेला तेव्हा तो अजून शिकत होता. मोतीबिंदूचं साधं ऑपरेशन होतं, पण पुढे आत पू झाला आणि संपलंच. त्या ऑपरेशनचं ठरलं तो क्षण त्याला लख्ख आठवतो. डॉक्टरांच्या दारात बाबा उभे, एक पाय आत एक बाहेर, आणि म्हणतायत, “करून टाकू. त्यात काय विचार करायचा?” बाबांचं सगळंच तसं. सोफा घ्यायचा, करून टाकू. घर बदलायचं, करून टाकू. आणि डोळा गेल्यावरही त्या माणसात काडीचा फरक पडला नव्हता. त्याच महिन्यात त्यांनी दुकानात उभ्या उभ्या नवे पडदे पसंत केले होते, गडद तपकिरी, आणि घरी येऊन शीळ घालत लावलेही होते. त्या शिळेचा राग त्याच्या मनातून बाबा गेल्यावरही पुरता गेला नव्हता. स्टुलावर चढलेले बाबा, खाली पडद्याच्या कड्या हातात देणारी, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली आई, आणि दारात उभा राहून हे बघणारा तो. त्याच दारात कुठेतरी त्याने मनाशी पक्कं केलं असावं, की आपण असं कधी करणार नाही, आपण नीट बघू, सगळ्या बाजूंनी बघू. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, ऑपरेशन करायला हवं, धोका अगदी थोडा, पण एकच डोळा आहे तेव्हा तुम्ही घरी बोलून ठरवा. आई म्हणाली होती, “तू सांगशील तसं.” आणि तो म्हणाला होता, “थांब, बघू.” त्या ‘बघू’चं भिजत घोंगडं होऊन आता दोन वर्षं उलटली होती. करावं तर हाही जाईल ही भीती, न करावं तर हळूहळू जाणारच हे माहीत. दोन्ही बाजू त्याला तोलायला घेतल्या की इतक्या सारख्या वजनाच्या वाटायच्या, की त्याला वाटायचं, आपलं बघण्यातच काहीतरी कमी पडतंय, अजून नीट बघायला हवं.

आणि मधूनमधून तो तिला दुकानात आणून तपासायचा. ती खुर्चीत बसायची, तो तक्ता लावायचा, आणि ती खालच्या ओळीपर्यंत अक्षरं घडाघडा म्हणून दाखवायची. “बघ, आहे की नाही?” म्हणायची. तो “बरंय की मग, अजून थोडं थांबू” म्हणायचा. आज दुकानाचं दार ढकलताना ती खुर्चीतली आई त्याच्या डोळ्यांसमोर आली आणि त्याला कळलं, की हे आपल्याला आज कळत नाहीये, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तक्ता तिला पाठ होता. शहरातले अर्धे टेलिफोन नंबर जिच्या जिभेवर असायचे, तिला तक्त्यावरची अक्षरं पाठ व्हायला असा किती वेळ लागणार? तक्ता बदलायला एक बटण दाबायचं असतं. बाकी प्रत्येकाला तो ते न चुकता दाबायचा. आईच्या वेळी दाबलं नव्हतं. ती पाठ म्हणत होती आणि तो ऐकून घेत होता. ती त्याला काळजी नको म्हणून, आणि तो आपल्याला ठरवायला नको म्हणून. दाराच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्याला अजिबात आवडला नाही.

आत एक गृहस्थ येऊन बसले होते. निवृत्त न्यायाधीश. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या, बोलणं असं की समोरच्याने आपोआप उभं राहावं. पण नाकावर ती जड फ्रेम चढली आणि त्यांच्यापुढे भिंगं येऊ लागली तशी साहेबांची गाडी हळूहळू घसरू लागली. सुरुवातीला “हे”, “ते”, “पहिलं” असं खाडखाड उत्तर येत होतं. शेवटी त्याने छोट्या दांडीचं भिंग घेतलं. हे भिंग डोळ्यापुढे धरून नुसतं उलटसुलट करायचं असतं. त्याने नंबराची अगदी बारीक जुळणी होते. त्याने ते फिरवलं. “हे बरं की हे?” साहेबांनी मान पुढे काढली. “पुन्हा दाखवा.” त्याने पुन्हा फिरवलं. साहेबांच्या कपाळावर घाम आला. “पुन्हा.” मग ते खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले आणि फार मोठा गुन्हा कबूल करावा तशा आवाजात म्हणाले, “माफ करा हं. मला दोन्ही सारखंच दिसतंय. ठरवताच येत नाहीये.”

“मग छान,” तो सवयीने म्हणाला. “झालं आपलं काम.”

“झालं? अहो, मी उत्तर कुठे दिलं?”

“हेच उत्तर. दोन्ही सारखं दिसायला लागलं की नंबर सापडला. त्याच्यापुढे तपासत बसायचं नसतं. तपासत बसलं की डोळा दमतो आणि मग माणूस काहीही सांगायला लागतो. मग चांगला आलेला नंबरही बिघडतो.”

हे वाक्य तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. नवशिक्यांची हीच चूक होते हे त्याला त्याच्या गुरूंनी शिकवलं होतं, त्याने पुढे दुसऱ्यांना शिकवलं होतं. हुशार पोरंच ही चूक जास्त करतात. सारखं दिसतंय म्हटल्यावर थांबत नाहीत, अजून फिरवतात, अजून विचारतात, आणि समोरच्याचा पार गोंधळ उडवून ठेवतात. आज ते वाक्य बोलून झालं आणि खोलीतच राहिलं. भिंग हातात तसंच धरून तो अंधारात उभा राहिला. दोन्ही सारखं दिसायला लागलं ते कधी? दोन वर्षांपूर्वीच. डॉक्टरबाईंच्या दारातून बाहेर पडून जिना उतरेपर्यंत त्याचं सगळं बघून झालं होतं. करण्यातली भीती, न करण्यातलं नुकसान, सगळं त्या जिन्यातच समोर आलं होतं. त्यानंतर त्याने नवीन असं काहीही बघितलं नव्हतं, तेच भिंग फिरवत बसला होता. आणि तो फिरवत बसला होता तेवढ्या वेळात आईचा डोळा काही थांबला नव्हता. ‘बघू’ म्हणजे आपण कुठल्याच बाजूला नाही असं त्याला वाटायचं. अरे, तो तर रोज एका बाजूला होता. रोज सकाळी उठून तो अंधाराच्या बाजूने मत देत होता आणि वर आपण फार सावध आहोत म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होता. त्याला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग चांगला स्वच्छ होता, कामाला लावण्याजोगा.

साहेब फ्रेम उतरवून कपाळ पुसत होते. “म्हणजे मी चुकत नव्हतो तर,” ते हसून म्हणाले. “आमच्याकडेही पुष्कळदा असंच व्हायचं बरं का. वाचून वाचून दोन्ही बाजू सारख्याच वाटायला लागायच्या.”

“मग काय करायचात?”

“सांगून टाकायचो. बाहेर माणसं बसलेली असायची ना.”

साहेब गेल्यावर त्याने मालकांना सांगितलं, मी आज लवकर निघतोय. ‘निघू का’ असं विचारलं नाही. मालकांनी चष्म्यावरून बघितलं आणि मान डोलावली. रस्त्यावर आल्यावर त्याला राहिलेल्या चहाची आठवण झाली. टपरीवाल्याने विचारलं, साधा की आल्याचा, आणि तो ताबडतोब “आल्याचा” म्हणाला. पहिल्या घोटालाच त्याच्या लक्षात आलं की आपल्याला साधा हवा होता. घसा चुरचुरला. तो तसाच उभा राहून पेला संपेपर्यंत प्याला. आभाळ कोसळलं नाही, टपरी जागेवर राहिली, गाड्या जात-येत राहिल्या. चुकीचा चहा पिऊन माणसाला एवढं बरं वाटू शकतं ह्याचं त्याला हसू आलं. बाबांना असंच वाटत असेल का? ते गडद तपकिरी पडदे त्यांना तरी आवडले होते का? बहुतेक नसावेत. पण लावले, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या पडद्यांच्या आड सगळं घर सुखाने झोपलं. ती शीळ आज पहिल्यांदाच त्याला वेगळी ऐकू आली. खाली कड्या धरून उभ्या असलेल्या बाईसाठी बाबा ती घालत होते.

आई स्वयंपाकघरात होती. ओट्याशी उभी राहून कपात चहा ओतत होती, आणि कपाच्या काठावर एक बोट आत वाकवून धरलं होतं. चहा बोटाला लागला की थांबायचं. हे ती कधीपासून करत होती? बोटाचं टोक लालसर दिसत होतं. त्याने ते आधीही पाहिलं असणार आणि भाजलं असेल कुठेतरी म्हणून सोडून दिलं असणार. “लवकर आलास?” ती वळूनही न बघता म्हणाली. पावलं ओळखली होती.

“आई, बस. बोलायचंय.”

“काय झालं? नोकरी गेली का?”

“नाही गं. बाबांनी तुझ्या डाव्या डोळ्याचं ठरवलं ना, तेव्हा तुला त्यांचा राग नाही आला?”

आई बसली. पदराने ओटा पुसल्यासारखं टेबल पुसलं. “त्यांनी कुठे ठरवलं? मी ठरवलं. आदल्या दिवशी बसमध्ये त्यांना सांगितलं, मला करायचंय. घरात बोलायचं खातं त्यांचं होतं म्हणून दारात ते बोलले. तुझ्या बाबांनी आयुष्यात पडद्यांशिवाय काही स्वतः ठरवलेलं मला आठवत नाही. आणि ते पडदेही कसले घाणेरडे होते!”

त्याच्या डोक्यातला तो दरवाजा, तो एक पाय आत आणि एक पाय बाहेर, सगळं जागच्या जागी हललं. “आणि मग डोळा गेला तेव्हा?”

“गेला. वाईट झालं. रडले मी, खूप रडले. मग उठून ड्यूटीवर गेले. ठरवलं ते चुकलं नव्हतं रे, नशीब वाकडं निघालं. आता त्या दोन्हीची खिचडी कशाला करायची?”

“मग ह्या डोळ्याचं का नाही ठरवलंस? दोन वर्षं माझ्या तोंडाकडे बघत का बसलीस?”

आईने खुर्ची पुढे ओढली. मग तिने हात पुढे करून टेबलावर त्याचा हात शोधला. पहिल्यांदा मिठाची बरणी हाताला लागली, मग त्याचं मनगट. “तू थांब म्हणालास ना. तू ह्यातला माणूस. मला वाटलं, तुला आत काहीतरी दिसतंय, मला सांगत नाहीयेस. म्हटलं, पोराला कळतंय तर थांबू या.”

हे मात्र त्याला सोसलं नाही. आपल्या घाबरटपणाला ती ज्ञान समजत होती, त्याच्या भरवशावर बोट भाजून घेत होती. “मला काही दिसत नव्हतं गं,” तो म्हणाला, आणि आवाज फाटला तो त्याने फाटू दिला. “काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो. तू तक्ता पाठ म्हणायचीस तेही मला माहीत होतं.”

“ते मलाही माहीत होतं, की तुला माहीत आहे,” आई म्हणाली. “तू तक्ता बदलला असतास तर पकडली गेले असते.”

दोघं हसले. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिला दिसलं नाही, पण तिने पदर पुढे केला. त्याने नाक पुसलं. “ऑपरेशन करायचं,” तो म्हणाला. “धोका आहे. थोडा आहे, पण आहे, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण मी हे ठरवून सांगतोय. तुझा होकार आहे का ते तू सांग.”

“दोन वर्षांपासून आहे,” आई म्हणाली. “लाव फोन.”

“उद्या सकाळी लावतो.”

“उद्या कशाला? दवाखाना संध्याकाळी उघडा असतो.”

त्याने तिथेच फोन लावला. पलीकडची मुलगी घाईत होती. एकाच दमात म्हणाली, मंगळवार की गुरुवार? त्याचं मन सवयीने दोन्ही दिवस हातांत घेऊन आरशापुढे उभं राहायला निघालं होतं. मंगळवारी काय आहे, गुरुवारी काय आहे, डॉक्टरबाई कुठल्या दिवशी जास्त ताज्यातवान्या असतील. दोन्ही सारखेच होते. म्हणजे झालंच की. “मंगळवार,” तो म्हणाला. मग बहिणीला फोन केला आणि तिने ‘काय रे तळ्यात’ एवढं म्हणेपर्यंत सगळं सांगून टाकलं. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, “थांब जरा. तू मला विचारतोयस की सांगतोयस?”

“सांगतोय. सोमवारी निघून ये.”

“येते,” ताई म्हणाली, आणि पुढे हळूच, “आईला दे फोन. खरंच तूच बोलतोयस ना ते विचारते.”

मंगळवारी सकाळी ते निघाले. ताई कागदपत्रं घेऊन आधीच पुढे गेली होती. दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडेच होता, तेव्हा आई म्हणाली चालत जाऊ. तिने त्याचा दंड धरला होता. भीती गेली होती असं मुळीच नाही, ती बरोबर चालत होती, पण आता ती वाट अडवत नव्हती. बैठकीतल्या भिंतीचंही त्याने काल ठरवून टाकलं होतं. रंगारी गुरुवारी येणार होता, आणि कुठला रंग ते आईला मुद्दामच सांगितलं नव्हतं. डोळा उघडल्यावर बघू दे आणि नावं ठेवू दे. नाही उघडला तर? तर ती रडेल, तो रडेल, आणि पुढे जे करायचं ते दोघं ठरवतील. हा विचार त्याने पुरता केला, मध्येच वळवला नाही, आणि तो त्याला पेलला.

सिग्नल लाल होता. ते त्याच जागी उभे राहिले. आईने तोंड वर करून उजेडाच्या दिशेने धरलं.

“त्या दिवशी इथे एक गंमत झाली,” ती म्हणाली. “शेजारी कुणीतरी उभं होतं. मी विचारलं, अहो, हिरवा झाला का. तर ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. नुसता श्वास. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला इतका विचार कोण करतंय? आणि मग माझ्या लक्षात आलं. पण तेवढ्यात ती पोरगी मला घेऊनच गेली.”

त्याचे कान तापले. “मग घरी बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून वाट बघत होते,” ती म्हणाली, आणि दंडावरची पकड जरा घट्ट झाली. “हिरवा झाला का रे?”

“झाला. चल.”

आईने पाऊल उचललं, आणि रस्त्याच्या मध्यावर आल्यावर खुदकन हसली.

“आत्ता मात्र ओळखलं नसतं हं मी तुला.”